दहा हजार टाके : टॉमस पेनचा धंदा समजून घेताना

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात टॉमस पेनचे नाव हटकून येते. १८४७ च्या सुमारास तरुण जोतीरावांच्या हाती पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ आला आणि त्यांच्या विचारांवर त्याचा खोल ठसा उमटला, हे वाक्य आपण विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत लिहिले आहे आणि शिक्षक झाल्यावर फळ्यावरही लिहिले आहे. या वाक्यात पेन येतो तो ग्रंथकर्ता म्हणूनच. ग्रंथ लिहिण्यापूर्वी, उमेदीच्या वर्षांत, हा माणूस पोटासाठी काय करीत होता, हा प्रश्न वर्गात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही तो बरीच वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

उत्तर सोपे आहे. पेन स्त्रियांसाठी कॉर्सेट तयार करीत असे. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यातल्या थेटफर्ड गावी १७३७ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील क्वेकर पंथाचे आणि धंद्याने कॉर्सेट-कारागीर. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पेन वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी करू लागला. मध्ये काही काळ तो लढाऊ जहाजावर जाऊन आला. मग लंडनमध्ये आणि डोव्हरमध्ये त्याने हेच काम केले. १७५९ मध्ये सँडविच या गावी त्याने स्वतःचे दुकान थाटले, पण ते चालले नाही. पुढे अबकारी खात्यात नोकरी लागली. ती गेली तेव्हा १७६६ मध्ये त्याला पुन्हा याच धंद्याकडे वळावे लागले. १७७४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १७७६ च्या जानेवारीत 'कॉमन सेन्स' प्रसिद्ध झाले, तोपर्यंतच्या आयुष्यातील मोठा काळ, खंड पडत का होईना, सुई, कात्री आणि देवमाशाच्या पट्ट्या यांच्या सहवासात गेला होता.

त्याच्या हयातीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, कारण विरोधकांनी ती कोणाला विसरू दिली नाही. 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग १७९१ मध्ये निघाला; त्याच वर्षी जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने राजमुकुटाचे माप घेणारा चिमुकला शिंपी म्हणून पेनला रंगवले. १७९३ च्या दुसऱ्या एका चित्रात ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे मूर्तिमंत स्त्रीरूप, झाडाच्या खोडाला धरून उभी आहे आणि पेन तिच्या पार्श्वभागावर पाय रोवून तिच्या कॉर्सेटच्या नाड्या आवळतो आहे. त्याच्या खिशातून मापपट्टी लोंबते आहे आणि तिच्यावर त्याच्या ग्रंथाचे नाव आहे. उलट बाजूने, त्याच्या काही चाहत्यांनाही या धंद्याचा संकोच वाटला असावा. इंग्रजीत 'स्टे' म्हणजे जहाजाची डोलकाठी ताणून धरणारा दोर असाही अर्थ आहे. त्याचा आधार घेऊन पेन जहाजांचे दोर वळीत असे, बायकांचे कपडे शिवीत नसे, असाही दावा केला गेला. शत्रू आणि मित्र यांचे एका बाबतीत एकमत दिसते : स्त्रियांच्या अंतर्वस्त्राशी निगडित काम हे हसण्याचे किंवा लपवण्याचे.

मला हे एकमत खटकले. माझी आई घरी शिवणक्लास चालवीत असे. आमच्या घरात पुस्तके कमी आणि कापडाचे तुकडे अधिक होते. शिवणाऱ्या माणसाला विचार करावा लागत नाही, असे मानणाऱ्यांनी कधी बाही बेतून पाहिलेली नसते. पेनचा धंदा नेमका काय होता हे वाचून कळेना, तेव्हा त्याच्या काळातील एका कॉर्सेटची प्रतिकृती शिवून पाहावी असे मी ठरवले. मशीन वापरायचे नाही, एवढी अट स्वतःला घातली. या कामाला सात महिने लागले. त्यातून जे हाती आले त्याचा हा वृत्तांत.

शब्दापासून सुरुवात करू. ज्याला आपण सरसकट कॉर्सेट म्हणतो त्याला अठराव्या शतकातील इंग्रजीत 'स्टेज' म्हणत. रंगमंचाशी या शब्दाचा संबंध नाही. 'कॉर्सेट' हा शब्द त्या काळी हलक्या, फारशा पट्ट्या नसलेल्या वस्त्राला लावीत. आजचा व्यापक अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात आला. त्याआधी, सोळाव्या-सतराव्या शतकांत, या वस्त्राचे नाव होते 'पेअर ऑफ बॉडीज', म्हणजे शरीरांची जोडी. कारण ते दोन भागांत बेतून नाडीने जोडले जाई. या 'बॉडीज'चाच पुढे 'बॉडिस' झाला. आपल्याकडच्या आज्या आणि आया ज्याला 'बॉडीस' किंवा नुसते 'बॉडी' म्हणत आल्या, तो हाच शब्द. इंग्लंडमधल्या शिंप्याच्या वहीतून निघालेला हा शब्द कोकणातल्या दोरीवर वाळत पडला, तोवर त्यातली ताठर पट्टी केव्हाच गळून गेली होती. मूळ वस्तूसाठी मात्र मराठीत नेमका शब्द नाही. चोळी, काचोळी, कंचुकी हे शब्द हाताशी आहेत. पण आपली चोळी अंगाचा आकार घेते, आणि कॉर्सेट अंगाला आपला आकार देते. म्हणून या लेखात 'कॉर्सेट' हाच शब्द ठेवला आहे.

आता वस्तूविषयी. अठराव्या शतकाच्या मध्यावरचे इंग्रजी कॉर्सेट छातीपासून कमरेपर्यंत धडाला उलट्या शंकूसारखा आकार देई. कमरेखाली त्याला चिरा देऊन पाकळ्या केलेल्या असत. त्या नितंबांवर पसरत आणि वरून घातलेल्या घागऱ्यांचा भार पेलत. आतून तागाच्या कापडाचे दोन थर, त्यांपैकी निदान एक खळ लावून कडक केलेला. या थरांवर जवळजवळ समांतर टिपा घालून अरुंद नळ्या तयार करीत आणि त्या नळ्यांत देवमाशाच्या पट्ट्या सरकवीत. इंग्रजीत या पट्ट्यांना हाड म्हणतात. प्रत्यक्षात ते हाड नव्हे. काही जातींच्या देवमाशांच्या वरच्या जबड्यातून झालरीसारखी पाती लोंबतात. त्यांतून पाणी गाळून ते भक्ष्य टिपतात. आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याची ही पाती. ती हलकी असतात, उभी चिरता येतात, ऊब दिली की वाकतात आणि थंड झाल्यावर तो बाक धरून ठेवतात. ती मिळवण्यासाठी डच आणि ब्रिटिश जहाजे ग्रीनलंडच्या समुद्रापर्यंत जात. थेटफर्डमधल्या त्या लहानशा दुकानातील टेबलाचा एक पाय असा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात होता.

आराखडा मी नोरा वॉ यांच्या १९५४ च्या 'कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स' या पुस्तकावरून घेतला. जुन्या वस्त्रांची मापे घेऊन त्यांचे बेत कागदावर उतरवण्याचे काम ज्या मोजक्या अभ्यासकांनी आयुष्यभर केले त्यांत नोरा वॉ आणि त्यांच्या नंतरच्या जॅनेट आर्नल्ड यांची नावे अग्रभागी आहेत. आर्नल्ड यांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला खंड १५६० ते १६२० या काळातील वस्त्रांचा आहे. त्यात १५९८ मध्ये मृत्यू पावलेल्या एका जर्मन राजघराण्यातील स्त्रीच्या दफनवस्त्रांमधील कॉर्सेटाचा बेत दिला आहे. कबरीतून निघालेल्या कापडाचा एकेक टाका मोजण्याची ही चिकाटी पाहिली की मला आपल्याकडील पाठचिकित्सकांची आठवण होते. पोथीच्या वेगवेगळ्या प्रती जुळवणारा संपादक जे करतो तेच या बाई करीत होत्या. फक्त त्यांची पोथी कापडाची होती.

ही तुलना मी अलंकार म्हणून करीत नाही. प्रतिकृती शिवणे हे संपादनासारखेच निर्णयांचे काम आहे. पुस्तकातला आराखडा चौकटी आखून मोठा केला, तेव्हा तो कोणा एका स्त्रीच्या अंगाचा निघाला. माझ्या अंगाचा नव्हे. तो तसाच ठेवावा की माझ्या मापाला बेतावा? तसाच ठेवला तर वस्तू खरी, पण ती कोणाच्याच अंगावर चढणार नाही. बदलला तर अंगावर चढेल, पण मूळ संहितेत माझा हात पडला. मी दुसरा मार्ग पत्करला. आधी मांजरपाटावर कच्चा बेत कापून पाहिला. तो चार वेळा उसवला. तागाचे कापड मिळाले, पण दुकानातले बकरम निरुपयोगी ठरले. त्यावर आज रासायनिक डिंक असतो आणि सुई त्यात अडकते. शेवटी तागाच्या कापडालाच घरी पिठाची खळ दिली आणि गच्चीवर वाळवले. देवमाशाच्या पट्ट्या आज मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. परदेशातील हौशी मंडळी त्यांच्याऐवजी विजेच्या तारा बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या वापरतात, असे वाचले होते. त्या मी बोहरी आळीतून आणल्या. एवढ्या पट्ट्या कशासाठी, या दुकानदाराच्या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले आणि त्याने विषय बदलला.

मग टीप. नळ्या पाडण्यासाठी उलटी टीप घालावी लागते : सुई एक टाका मागे घेऊन दोन टाके पुढे काढायची, म्हणजे वरच्या बाजूने सलग रेघ दिसते. धावदोरा इथे चालत नाही. पट्टीचा ताण त्याला सोसत नाही. माझ्या कॉर्सेटात अशा १२० रेघा होत्या. एकेका रेघेची लांबी सरासरी नऊ इंच. म्हणजे १,०८० इंच, अर्थात ३० वार टीप. इंचाला दहा टाके धरले तर १०,८०० टाके. जुन्या नमुन्यांतून अनेकदा याहून बारीक टीप आढळते. दहाच्या पुढे माझी मजल गेली नाही. खळ दिलेल्या दुहेरी कापडातून मेण लावलेला दोरा ओढताना एका इंचाला मला साधारण अडीच मिनिटे लागत. एकूण ४५ तास. हा हिशेब मी पहिल्या आठवड्यातच केला, आणि तो केला नसता तर बरे झाले असते असे पुढचे कित्येक दिवस वाटत राहिले. अंगुस्तान असूनही उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला. दोरा ओढून ओढून तर्जनीच्या बाजूला चीर गेली. संध्याकाळी फळ्यावर लिहायचे असले की खडू धरवत नसे.

याच सुमारास आई काही दिवस माझ्याकडे राहायला आली. तिने चष्मा लावला, तुकडा हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटी बाजू पाहिली. शिवणारी माणसे नेहमी आधी उलटी बाजू पाहतात. "टीप बरी आहे," ती म्हणाली. पेनविषयी मी तिला सांगत होते. थोडा वेळ ऐकून तिने विचारले, "हे सगळं तो एकटा शिवायचा? मग टीप कोण घालायचं? आणि तिला नगामागे काय मिळायचं?"

टीप घालणारी 'ती'च असणार, हे तिने गृहीतच धरले होते. शर्टांना काज-बटण करून देणाऱ्या बायका तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. दुकानाच्या पाटीवर शिंप्याचे नाव, आणि गठ्ठे घरी नेऊन नगावर काम करणाऱ्या बायका पाटीमागच्या अंधारात. माझ्या डोक्यात मात्र सात महिन्यांचा सारा खटाटोप 'पेनचा धंदा' या शब्दांत मावला होता. सुई पेनच्याच हातात आहे, असे चित्र मी रंगवले होते आणि ते तपासले नव्हते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध आहे. १७४७ मध्ये, पेन दहा वर्षांचा असताना, आर. कँपबेल या लेखकाचे 'द लंडन ट्रेड्समन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलाला कोणत्या धंद्यात घालावे याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी ते लिहिले होते आणि त्यात लंडनमधील नाना धंद्यांची माहिती आहे. कॉर्सेट-कारागिरांविषयी कँपबेल जे सांगतो ते असे : कापड आकाराप्रमाणे भागाभागांत कापले जाते आणि ते भाग टीप घालण्यासाठी बायकांना दिले जातात, मोबदला नगावर. ही भाकर फार तुटपुंजी आहे हे तो स्वतःच नोंदवतो. त्या कितीही चिकटून बसल्या तरी आठवड्याला पाच-सहा शिलिंगांपलीकडे त्यांची कमाई जात नाही. टीप झाली की पट्ट्या तासून नळ्यांत भरायच्या. हे काम सर्वांत कौशल्याचे आणि ताकदीचे, दुकानात एखादाच पुरुष ते करू शकतो, तो एकतर मालक असतो किंवा मुख्य कारागीर, आणि त्याला सर्वांत चांगला पगार मिळतो. स्त्रियांनी हा धंदा पुरुषांकडून आपल्या हाती का घेतला नाही, याचे तो आधी आश्चर्य करतो आणि मग स्वतःच उत्तर देतो की, हे काम स्त्रियांच्या शक्तीबाहेरचे आहे.

हा उतारा मी वाचला तेव्हा माझ्या टिपा पूर्ण झाल्या होत्या आणि पट्ट्या भरायच्या बाकी होत्या. त्यामुळे पुढचा भाग मी मुद्दाम घड्याळ लावून केला. नळी अरुंद, पट्टी तिच्यात जेमतेम जाणारी. ती रेटताना मनगटात जोर लागतो, तळहाताला पट्टीचे टोक रुतते, आणि शेवटचे दोन इंच तर दात आवळून ढकलावे लागतात. कँपबेल ताकदीविषयी खोटे बोलत नाही. मला या कामाला सव्वा दिवस लागला. इथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे : नायलॉनच्या पट्ट्या तयार जाडीच्या येतात, आणि देवमाशाची पट्टी मात्र जागेप्रमाणे कमी-अधिक तासावी लागे. छातीपाशी किती जाड, बगलेत किती पातळ, हे कळायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. ते कौशल्य माझ्या प्रयोगात आलेच नाही. म्हणून टीप अवघड आणि पट्टी भरणे सोपे, असा निष्कर्ष मी काढणार नाही.

पण एक गोष्ट निश्चित म्हणता येते. दोन्ही कामांना ताकद लागते. सव्वा दिवस मनगटाने लावलेल्या जोराला 'ताकद' हे नाव मिळाले आणि ४५ तास बोटांनी लावलेल्या जोराला कोणतेच नाव मिळाले नाही. एक जोर एकदम लागतो म्हणून डोळ्यांना दिसतो. दुसरा दहा हजार टाक्यांत विभागला गेल्यामुळे दिसत नाही. स्त्रियांना हे काम झेपणार नाही असे लिहिणाऱ्या लेखकाने त्याच पानावर ते काम करणाऱ्या स्त्रियांची मजुरी नोंदवली आहे, आणि त्याला त्यात विसंगती वाटलेली नाही. माझ्या बोटाला घट्टा पडला नसता तर कदाचित मलाही वाटली नसती. त्या परिच्छेदावरून मीही पुढे निघून गेले असते.

ही विभागणी केवळ इंग्लंडपुरती नव्हती. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६७५ मध्ये, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र श्रेणी स्थापन करण्याची परवानगी मिळाली आणि स्त्रियांचे व लहान मुलांचे कपडे शिवण्याचा हक्क त्यांना प्राप्त झाला. मात्र दरबारी पोशाखाचा पट्ट्या घातलेला वरचा भाग पुरुष शिंप्यांनी आपल्याकडेच राखून ठेवला. जिथे प्रतिष्ठा आणि पैसा होता तिथेच नेमकी 'स्त्रियांची शक्ती' अपुरी पडत होती.

आता पेनकडे परत येऊ. कँपबेल लंडनविषयी लिहितो. थेटफर्ड हे लहान गाव. तिथल्या दुकानात कामाची वाटणी इतकी काटेकोर असेलच असे नाही. उमेदवारी करणाऱ्या मुलाने टिपाही घातल्या असतील. परंतु लंडनमध्ये याच धंद्यात काम केलेल्या पेनला नगावर टीप घालणाऱ्या बायका ठाऊक नसणे अशक्य आहे. त्याचे पहिले महत्त्वाचे राजकीय लेखन कशाविषयी आहे? मजुरीविषयी. १७७२ मध्ये अबकारी अधिकाऱ्यांच्या वतीने त्याने एक निवेदन लिहिले. वार्षिक ५० पौंड पगारातून कर, घोड्याचा खर्च आणि इतर वजावट जाता अधिकाऱ्याच्या हाती दिवसाला १ शिलिंग ९ पेन्सच्या आसपास उरतात, आणि एवढ्यात प्रामाणिक राहणे कठीण आहे, असा त्याचा युक्तिवाद. गरिबी माणसाच्या नीतीला कशी पोखरते, हे त्याने त्यात कळकळीने मांडले आहे.

त्याच पद्धतीने मी टीप घालणारीचा हिशेब केला. कँपबेलचा वरचा आकडा घेतला आणि वर्षात एकही खाडा नाही असे धरले, तर सहा शिलिंगांप्रमाणे ५२ आठवड्यांचे १५ पौंड १२ शिलिंग होतात. दिवसाला जेमतेम दहा पेन्स. म्हणजे पेन ज्यावर जगणे अशक्य मानतो त्याच्याही निम्म्याहून थोडे कमी. दोन आकड्यांत २५ वर्षांचे अंतर आहे, आणि एक आकडा गावच्या अधिकाऱ्याचा, दुसरा शहरातल्या मजुरणीचा, हे लक्षात घेऊनही दरी बुजत नाही. या बायकांच्या वतीने कोणी निवेदन लिहिले नाही. त्यांच्या शेजारी बसून काम केलेला माणूस पुढे जगभर वाचला गेलेला लेखक झाला, तरी नाही.

यावरून पेनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण न्याय्य ठरणार नाही. 'राइट्स ऑफ मॅन'च्या दुसऱ्या भागात, १७९२ मध्ये, त्याने वृद्धांना वार्षिक निर्वाहवेतन, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मदत आणि बाळंतपणानंतर मागणाऱ्या प्रत्येक स्त्रीला २० शिलिंग अशा योजना आकडेवारीनिशी मांडल्या. पन्नाशीनंतर कष्टकऱ्याची शक्ती ओसरू लागते हे तो तिथे इतक्या बारकाव्याने लिहितो की, त्याला दुकानातले वाकलेले पाठीचे कणे आणि अधू झालेले डोळे आठवत असावेत, असे म्हणण्याचा मोह होतो. त्याला पुरावा नाही, म्हणून तो मोह आवरला पाहिजे. पण हे खरे की, ग्रंथाच्या नावातल्या 'मॅन'मध्ये टीप घालणारी बाई कोठे बसते, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या धंद्यानेच उभा केलेला होता.

शेवटी पाकळ्यांना गोट मारला, टोच्याने धागे न तोडता बाजूला सारून नाडीची छिद्रे पाडली आणि ती दोऱ्याने काजासारखी बांधून घेतली. धातूच्या कड्या बसवण्याची पद्धत १८२० च्या दशकात आली. त्याआधीची दोऱ्याची छिद्रे फार ताण सोसत नाहीत. एकच नाडी मळसूत्रासारखी ओवून कॉर्सेट अंगावर चढवले. अंगात आले ते अपेक्षेपेक्षा निराळे. श्वास कोंडला नाही. तो छातीच्या वरच्या भागात येऊ-जाऊ लागला. कमरेत वाकता येईना, त्यामुळे खाली पडलेली सुई उचलायला गुडघे मुडपावे लागले. पाठ ताठ राहिली आणि तासाभरानंतर तिला आधार वाटू लागला. कादंबऱ्यांतून आणि वैद्यांच्या टीकालेखांतून आपण जे यातनायंत्र वाचतो ते हे नव्हे, असे क्षणभर वाटले.

परंतु या अनुभवाला इतिहास म्हणता येणार नाही. त्या काळच्या मुलींना लहानपणापासून हे वस्त्र घातले जाई. माझे शरीर पन्नास वर्षे मोकळे वाढलेले आहे. मी ते तीन तास घातले आणि काढून ठेवले. राबणाऱ्या बायका, मोलकरणी हेच घालून दिवसभर पाणी वाहत आणि फरशी घासत. त्यांच्यासाठी चामड्याची किंवा जाडाभरड्या कापडाची स्वस्त कॉर्सेट्स असत, आणि ती झिजून चिंध्या होईपर्यंत वापरली जात. संग्रहालयांत उरली ती बहुधा सुबक, रेशमी, कमी वापरलेली. कपड्यांच्या बाबतीतही पोथ्यांसारखेच घडते : ज्यांना जपायला कपाट होते त्यांची प्रत टिकली. प्रतिकृती शिवून भूतकाळातली स्त्री आपल्याला सापडत नाही. तिच्या हाताखालून काय गेले, किती वेळ गेला आणि कोणत्या बोटाला घट्टा पडला, एवढेच सापडते. पण हेच नेमके ग्रंथांतून गळालेले असते.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. मला वाटते, आपण विचारांचा इतिहास शिकवतो तेव्हा तो पुस्तकाकडून पुस्तकाकडे गेल्यासारखा शिकवतो. पेनने लिहिले, जोतीरावांनी वाचले. पण जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जे केले ते वेगळे होते. भरल्या ताटापासून सुरुवात करून ते घाम गाळणाऱ्या हातांपर्यंत मागे गेले आणि त्या हातांना काय उरते याचा हिशेब त्यांनी मांडला. तीच रीत पेनच्या बाबतीत वापरली तर 'राइट्स ऑफ मॅन'च्या मागे थेटफर्डचे दुकान दिसते, दुकानामागे कापडाचे गठ्ठे घरी नेणाऱ्या बायका दिसतात. जोतीरावांच्या वाचकाने पेनचे ऋण मानावे ते मानावेच. पण हिशेब त्या बायकांपाशी पोचल्याशिवाय पुरा झाला असे समजू नये.

कॉर्सेट-कारागीर अगदी शेवटी आतून अस्तर लावीत. ते वेगळे टाचलेले असे, म्हणजे मळले की काढून बदलता येई. अस्तर लागले की टिपांची सारी उलटी बाजू झाकली जाते; गाठी, जोडलेले दोरे, चुकून तिरकी गेलेली रेघ, काही दिसत नाही. माझ्या प्रतिकृतीचे अस्तर कापून तयार आहे. ते मी अद्याप लावलेले नाही. 'राइट्स ऑफ मॅन' शिकवायचे असते त्या दिवशी कॉर्सेट वर्गात नेते आणि मुलामुलींच्या हातात देते. बहुतेकजण आधी सुलट बाजू पाहून हसतात. मग कोणीतरी ते उलटे करते, आणि टाके मोजू लागते.